औषध घेतलं का?

दवाखान्यात नेलं तेव्हा मी शुद्धीवर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर बऱ्याच जणांनी मला समजावलं की तू बेशुद्ध होतीस, तुला काही आठवणार नाही. मला सगळं आठवतं. टेम्पोचा तापलेला पत्रा आठवतो, त्यात सांडलेली तूर आठवते आणि कॅज्युअल्टीच्या दारात त्या कोवळ्या डॉक्टरने विचारलेला प्रश्नही आठवतो. उत्तर द्यायला माझ्याकडे श्वास नव्हता, एवढंच. उत्तर दुसऱ्याने दिलं आणि ते चुकलं.

लातूरच्या एका डाळ मिलच्या गोदामात मी माल तपासायचं काम करत होते. पोत्यात नळी खुपसून नमुना काढायचा, ओल बघायची, कीड बघायची, खडे-माती बघायची आणि शेठजींना फोनवर सांगायचं. या कामात बायका फारशा नसतात, त्यामुळे मला थोडी घमेंडही होती. पोती रचून जो ढीग करतात त्याला आमच्यात थप्पी म्हणतात. माल बरेच दिवस राहणार असेल तर थप्पीवर ताडपत्री घालून आत किडीसाठी गोळ्या ठेवतात आणि कडा बंद करतात. त्या गोळ्यांचा गॅस होतो, त्याने कीड मरते. माणूसही मरतं. पण गोदामात कुणी गॅस म्हणत नाही. 'थप्पीला औषध हाय,' असं म्हणतात. औषध लावलंय, औषध उतरलं, औषध संपलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच घडलं.

*

त्या दिवशी माझ्या मुलीच्या शाळेत गॅदरिंग होतं. सई तेव्हा तिसरीत होती आणि फुलपाखरू होणार होती. तिचे पंख मीच शिवले होते, जुन्या ओढणीचे. सकाळी तिला ते बांधत असतानाच शेठजींचा फोन आला. "मीनाताई, हैदराबादची गाडी उभी आहे. तेवढा नमुना काढून द्या, मग खुशाल जा मुलीचं बघायला."

माझे मिस्टर, प्रकाश, खासगी शाळेत गणित शिकवतात. एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी त्यांनाही राग आला. "तुझ्या शेठला सुट्टी हा शब्द ऐकून तरी माहीत आहे का?"

"मेल्यावरच मिळेल मला सुट्टी," मी चप्पल घालता घालता म्हणाले. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले. समोरच्या ओट्यावर शेजारच्या काकू तांदूळ निवडत होत्या. दारात सई उभी होती, एकच पंख बांधलेला. असलं वाक्य तुमच्याही घरात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बोलतच असेल. मी काही वेगळं बोलले नव्हते.

गोदामात गेले तेव्हा थप्पीची ताडपत्री एका कोपऱ्यातून दुमडून ठेवलेली होती. पंखे बंद होते आणि 'आत जाऊ नका' अशी पाटी लावायची राहून गेली होती. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळीत शिरले तेव्हा लसणासारखा, थोडा माशासारखा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. पण बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि डोक्यात फुलपाखरू होतं. दोन पोत्यांचा नमुना काढला. तिसऱ्या पोत्यात नळी खुपसली तेव्हा छातीवर कुणीतरी ते पोतंच ठेवल्यासारखं झालं.

हमालांचे मुकादम सत्तारचाचा यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या नादात ते स्वतःही खोकून खोकून बेजार झाले. माझा जीव त्यांनीच वाचवला. गोंधळही त्यांनीच केला.

*

डॉक्टरने विचारलं, "काय झालं?"

"सायब, म्याडमला औषध..."

"औषध घेतलं का?"

"हाव सायब, औषधच. थप्पीच्या गोळ्या."

"कधी?"

"आत्ताच, घंटाभर झाला आसंल."

सत्तारचाचांनी फक्त 'औषध' ऐकलं. डॉक्टरने फक्त 'हाव' ऐकलं. आपल्या भागात 'औषध घेतलं' म्हणजे काय, हे तुम्हाला उलगडून सांगायला नको. त्या पोराचीही चूक म्हणता येत नाही. त्याच्या दारात रोज कुणी ना कुणी तसंच येत असणार. त्याने हात पुसले आणि हाक मारली, "सिस्टर, पॉयझन आहे, पोट धुवायला घ्या."

नाकातून नळी घालायला लागले तेव्हा मी हात हलवत होते. नाही, नाही, एवढंच सांगायचं होतं. सिस्टरने माझं मनगट पलंगाला दाबून धरलं. "असंच करतात सगळ्या," ती दुसरीला म्हणाली, "आधी घेतात, मग घाबरतात." तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. त्या कंटाळ्याची मला फार भीती वाटली.

प्रकाश आले तेव्हा सईचा दुसरा पंख त्यांच्या हातातच होता. मोठे डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, या विषाला उतारा नाही, हृदय किती सोसतंय ते बघायचं. मग विचारलं, घरी काही भांडण वगैरे? माझा नवरा गणिताचा मास्तर. खोटं बोलायची सवय नाही. "किरकोळ," ते म्हणाले. "सकाळी थोडं बोलणं झालं होतं." झालं. त्या उत्तरानंतर कुणी दुसरं काही विचारलंच नाही.

*

दुपारी शेठजी आले. शहाळी आणली होती. काउंटरवर ॲडव्हान्स त्यांनीच भरला होता. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. गाडी उभी आहे असा फोन कुणी केला, ताडपत्री कुणाच्या सांगण्यावरून उघडली, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मास्कमधून मी 'गो... गो...' असं काहीतरी म्हणत होते. त्यांनी नजर वर सलाईनच्या बाटलीकडे नेली आणि तिथेच ठेवली.

"मास्तर, घरातलं घरात मिटवा," ते प्रकाशना म्हणाले. "पोलिसांचं काही असलं तर मी बोलतो."

त्यांचा राग मला पुष्कळ नंतर आला. तेव्हा फक्त भीती वाटली. मरायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण तिच्याहून मोठी भीती वेगळीच होती. मी गेले तर सईला काय सांगतील? तुझी आई औषध घेऊन गेली. तुझ्या गॅदरिंगच्या दिवशी गेली. पोरगी जन्मभर विचार करत बसेल की मी काय केलं म्हणून आई गेली. आणि सकाळचं ते सुट्टीचं वाक्य तिने कानांनी ऐकलेलं. मला जगायचं होतं ते यासाठी. निदान तिला खरं सांगण्यापुरतं तरी.

*

माझा धाकटा भाऊ बालाजी देगलूरहून आला. तिकडची पद्धत म्हणून तो मला अक्का म्हणतो. त्याने डॉक्टरांचं ऐकलं, शेजारच्या काकूंचंही ऐकून घेतलं आणि प्रकाशच्या छातीला हात लावून त्यांना मागे ढकललं.

"अक्काला इथं ठेवत न्हाई. नांदेडला न्यायलोय. तुमी मागं यायचं न्हाई."

ॲम्ब्युलन्सने वाटेतलं लोहा गाव ओलांडेपर्यंत तो माझा हात धरून रडत होता आणि माझ्या नवऱ्याला शिव्या देत होता. त्याला थांबवायला मी त्याच्या हाताला नख लावून बघितलं. त्याला वाटलं मला वेदना होतायत. त्याने ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितली.

नांदेडला घशात नळी गेली. आता तर 'गो' सुद्धा संपलं. आयसीयूत माझं नाव मीना नव्हतं. 'पॉयझनवाली' होतं. पॉयझनवालीचं बीपी बघा, पॉयझनवालीचे नातेवाईक कुठे आहेत. सकाळी अंग पुसायचं, चादर बदलायची, मग राउंड. राउंडला सगळे डॉक्टर पलंगाभोवती उभे राहून माझ्याबद्दल बोलायचे आणि मी त्यांच्या बोलण्यातून आज जगणार की नाही ते शोधत बसायचे. 'बघू' म्हणाले की पुढच्या राउंडपर्यंत मी तोच शब्द उलटसुलट करत राहायचे.

एक सफाईच्या मावशी होत्या. त्या माझ्या ओठांना ओला कापूस लावायच्या आणि केस विंचरून वेणी घालायच्या. का घेतलंस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. जाताना फक्त म्हणायच्या, "पोरगी हाय नव्हं तुला? मंग उठायचं." त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. त्या येऊन गेल्या की थोडा वेळ मला झोप लागायची.

*

मग नायब तहसीलदार आले. पांढरा शर्ट, सोबत एक हवालदार. जबाब घ्यायचा म्हणाले. नायब तहसीलदार कुणाचा जबाब घ्यायला येतात, ते मला माहीत होतं. जे उरत नाहीत त्यांचा. म्हणजे डॉक्टरांनी 'बघू' म्हणणंसुद्धा सोडलं होतं.

बोलता येत नाही म्हणून ते म्हणाले, हो असेल तर बोट दाबा, नाही असेल तर हात सोडा. माणूस भला होता. हळू आवाजात विचारत होता.

"औषध घेतलं का?"

मी हात सोडला. बालाजी पुढे सरकला.

"मग हे औषधानंच झालं का?" साहेबांनी पुढे विचारलं.

आता काय करू? औषधानेच तर झालं होतं. मी बोट दाबलं.

त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने मान हलवली. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तुम्ही घेतलं नाही. पण औषध आहे. म्हणजे कुणी दिलं?"

हो-नाहीत याला उत्तर नव्हतं.

"नवऱ्याने दिलं का?"

मी हात सोडला, मान हलवली, सगळं अंग हलवलं. नळीला झटका बसला, मशीन ओरडायला लागलं, सिस्टर धावत आल्या. "पेशंट घाबरलीय, नवऱ्याचं नाव काढू नका," कुणीतरी म्हणालं. बालाजी दात आवळून म्हणाला, "बगितलं का सायब? नाव काढल्याबरोबर." मला झोपेचं इंजेक्शन दिलं. ते चढत असताना मला कळत होतं की मी खरं बोलले आणि माझ्या खऱ्या बोलण्याने माझा नवरा आत जाणार. इतकी भीती मला गोदामात पडताना वाटली नव्हती, त्यानंतरही कधी वाटलेली नाही.

*

हृदयाने सोसलं. का सोसलं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. घशातली नळी काढली आणि आवाज म्हणून जे निघालं ते फुटक्या पिपाणीसारखं होतं. बालाजी समोर होता. मी सगळा जीव एकवटून पहिला शब्द उच्चारला. "थप्..."

"थप्पड?" बालाजी ताडकन उठला. "मारलं त्यानं तुला? थप्पड मारली?"

आज हे आठवलं की मी हसते. त्या वेळी मी रडले. हा माझा भाऊ पतसंस्थेत कारकून, त्याच्या डोक्यात थप्पी कुठून येणार? आणि प्रकाशविरुद्ध तक्रार द्यायला सकाळपासून चौकीवर जायचं म्हणून तो पायात बूट घालूनच बसला होता. मी दुसरा शब्द धरला. एकेक अक्षर. गो. दा. म. मग म्हटलं, वास. मग म्हटलं, गाडी. मावशींनी पाणी पाजलं, मी थांबले, पुन्हा बोलले.

बालाजी खाली बसला. "अक्का, म्हणजे तू घेतली न्हाईस?"

"नाही रे."

"आन दाजींनी..."

"गॅदरिंगला गेले होते ते."

तो उठून खाली गेला. दवाखान्याच्या फाटकापाशी स्कूटर लावायची जागा आहे. मला नांदेडला आणल्यापासून प्रकाश तिथेच बसून असायचे, वर यायची बंदी म्हणून. बालाजीने टपरीवरून चहाचे दोन ग्लास घेतले, एक त्यांच्या हातात दिला आणि त्यांचे पाय धरले. हे मला मावशींनी सांगितलं. त्या दोघांपैकी कुणीही मला आजवर त्याबद्दल काही बोललेलं नाही. माझा जबाब पुन्हा नोंदवला गेला आणि प्रकाशवरची टांगती तलवार गेली.

*

घरी आले तेव्हा वाटलं, संपलं. पण हृदय कच्चं झालं होतं, रोज गोळ्या लागणार होत्या. पहिल्याच संध्याकाळी प्रकाशनी स्वयंपाकघरातून नेहमीसारखं विचारलं, "औषध घेतलं का?"

सगळं घर थांबलं. सासूबाईंच्या हातातली पोळी तव्यावर जळली. सई गृहपाठ करत होती, ती पेन्सिल तशीच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानंतर आमच्या घरात ते वाक्य बंद झालं. प्रकाश लांबून खूण करायचे.

मग माझ्या गोळ्या हरवायला लागल्या. पाकीट ठेवलं की गायब. सासूबाई म्हणाल्या, उंदीर असेल. एक दिवस सईच्या दप्तरात हात घातला तर सगळी पाकिटं तिथे, फुलपाखराच्या पंखात गुंडाळलेली. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, अगं, या चांगल्या गोळ्या आहेत. ती म्हणाली, "तुला सुट्टी पाहिजे होती ना." मी तिला सगळं सांगितलं. गोदाम, गॅस, गाडी, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट पुन्हा नाहीसं झालं. शाळेत मुलींनी तिला सांगितलं होतं की असल्या आया नंतर खोटंच सांगतात.

*

आता कायद्याचं. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

जिन्याची एक पायरी चढले तरी मला धाप लागते. गोदामाचं काम संपलं. शेठजींनी निरोप पाठवला, झालं ते झालं, बसून करायचं काम देतो, फक्त दवाखान्यात जे नोंदलंय ते तसंच राहू द्या. मी एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "नीट ऐका. काम करताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. उपचाराचा खर्चही. नेमणुकीचा कागद नसला तरी तुम्ही कामगारच. पण स्वतःहून केलं असं ठरलं तर दार बंद. तुमचं सगळं भांडण त्या एका वाक्याशी आहे."

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मालक लोकांनीही ऐकावं. पाटी लावली असती, पंखे चालू ठेवले असते, कामगारांचा विमा उतरवला असता आणि पहिल्याच दिवशी 'आमच्या गोदामात अपघात झाला' असं स्वतः कळवलं असतं, तर शेठजींना सलाईनच्या बाटलीकडे बघत उभं राहावं लागलं नसतं. माणूस मुळात वाईट नव्हता. घाबरला होता. घाबरलेल्या माणसाने गप्प बसून माझं किती वाटोळं केलं, ते मात्र मी विसरणार नाही.

लेबर कोर्टात शेठजींच्या वकिलाने मला विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही 'मेल्यावरच मिळेल मला सुट्टी' असं म्हणालात, हे खरं की खोटं?" काकूंनी सांगितलं होतं त्यांना.

"खरं," मी म्हणाले. "पण साहेब, ज्याला मरायचं असतं तो मुलीला एक पंख बांधून, दुसरा आल्यावर बांधते असं सांगून जात नाही." एवढं बोलले आणि दम लागला म्हणून खाली बसले.

मग सत्तारचाचा उभे राहिले. शेठजींनी त्यांना 'चाचा, तुम्ही समजदार आहात' असं आधीच ऐकवलं होतं. तीसेक वर्षांची त्यांची रोजी त्याच गोदामात. मला खात्री नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "कसूर माझा हाय. डाक्टरनं इचारलं औषध घेतलं का, म्या हाव म्हनलो. आमच्यात थप्पीच्या गोळ्यालाच औषध म्हंत्यात. म्याडमनं घेतलं न्हाई. शेठनं ताडपत्री उघडाय लावली, म्याच उघडली."

निकाल अजून लागायचा आहे. तारखा पडतायत आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मला अन्न जात नाही. सत्तारचाचांना दुसऱ्या गोदामात काम मिळालंय, लांब आहे.

तुमच्यापैकी कुणावर सोबतच्या कामगाराला दवाखान्यात न्यायची पाळी आली तर कृपा करून एका शब्दात उत्तर देऊ नका. पूर्ण वाक्य बोला. कुठे होता, काय काम करत होता, काय लागलं. डॉक्टर घाईत असला तरी बोला.

*

साक्ष झाली त्या संध्याकाळी सत्तारचाचा आमच्या घरी आले. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या, पोरीला बोलवा. सई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चाचा तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बेटा, तुझ्या आईनं औषध घेतलं आसं म्याच सांगितलं डाक्टरला. ते लई चूक झालं. माझ्या तोंडानं झालं. ती तर गाडीचा नमुना काढाय आल्ती, तुझ्या नाचाला उशीर व्हायलाय म्हनून पळत पळत. मला म्हनली, चाचा, माझं फुलपाखरू वाट बगायलंय."

मी असं म्हणाले होते, हे मला स्वतःलाही आठवत नव्हतं. सईने चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. चाचा चहा न घेताच गेले.

रात्रीची जेवणं झाली. मी ताटं गोळा करत होते. सई आतून आली, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात गोळ्यांचं चुरगळलेलं पाकीट. सगळ्यांसमोर, अगदी तिच्या बाबांच्या आवाजात, तिने विचारलं,

"आई, औषध घेतलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "दे."